रत्नागिरीतलं ओसीटी सेंटर: मशीन झकास, बसायला जागा नाय

कॅम्पमधे चष्म्याचा नंबर काढायला गेलो तर तिथला माणूस म्हणाला, डोळ्याच्या नसेचा कप, म्हणजे मधला खळगा, मोठा दिसतोय, काचबिंदू असेल, ओसीटी करा, म्हणजे प्रकाशाने डोळ्याच्या आतल्या थरांचा स्कॅन. झालं, बायकोने दुसऱ्याच दिवशी मालगुंडातनं पहिल्या एसटीत बसवलं.

सेंटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाय, सहा खुर्च्या नि माणसं वीस, मधे ओल्या छत्र्यांचं तळं. पावणेदोन तासांनी नंबर आला. एक स्टार इथेच कापला.

पण टेस्ट करणाऱ्या ताई एक नंबर. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघायचं, पापणी हलवायची नाय, काही सेकंदांचं काम, टोचत नाय की हवा मारत नाय. माझा डावा डोळा कोरडा पडला नि सिग्नल (स्कॅन किती स्पष्ट आलाय त्याचा आकडा) १० पैकी ५ आला, तर त्यांनी तसाच छापून हातात दिला नाही, ड्रॉप घातले, दोन मिनिटं डोळे मिटायला लावले आणि परत काढला, ८ आला. सिग्नल कमी असला की मशीन नसेच्या तंतूंचा थर उगाच पातळ दाखवतं म्हणे.

कागद बघून मात्र घाम फुटला. कप-डिस्कचा आकडा (डिस्क म्हणजे नसेचं डोळ्यातलं तोंड, त्याच्या मानाने खळगा केवढा ते) ०.७, आणि एक तुकडा लालभडक! डॉक्टरांनी आधी डिस्कचं क्षेत्रफळ दाखवलं, माझं २.८ चौरस मिलिमीटर, एरवी २च्या आसपास असतं. नस डोळ्यातनं बाहेर पडते ते दारच मोठं, तंतू साधारण सगळ्यांचे दहा-बारा लाख, मग मधे खळगा मोठा राहणारच, मोठ्या टोपात दोन माणसांचा भात दिसतो तसं. खळग्याभोवतीची कड, म्हणजे रिम, चांगली जाड, तंतूंचा थर सरासरी ९३ मायक्रॉन, डोळ्याचं प्रेशर १५, फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी) पण क्लीन.

आणि लाल? मशीन आपल्याला आपल्या वयाच्या निरोगी माणसांशी ताडतं, सगळ्यात पातळ १ टक्क्यात गेलात की लाल, म्हणजे धडधाकट शंभरातला एखादा लाल येणारच. त्यात माझा नंबर मायनस ६, अशा लांबट डोळ्यात तंतूंचे जाड पट्टे कानाच्या बाजूला सरकलेले असतात, मशीन त्यांना ठरल्या जागी शोधतं, सापडले नाहीत की लाल फासून मोकळं.

५ पैकी ४. वेगळ्या कंपनीच्या मशीनचे आकडे याच्याशी ताडता येत नाहीत, त्यामुळे पुढच्या वर्षी परत इथेच, पण पाऊस संपल्यावर. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागून घ्या, माझा कागद स्टँडपर्यंत जाईस्तोवर भिजून लगदा.