नऊ महिने चोख, दहावा महिना कच्चा: उत्तर घानातल्या ‘स्कूल फॉर लाइफ’ वर्गांचे परीक्षण

ज्या गावात शाळाच नाही, तिथे शिक्षणाची सुरुवात कशी करायची? उत्तर घानातल्या ‘स्कूल फॉर लाइफ’ने या प्रश्नाला 1995 साली दिलेले उत्तर आजही अभ्यासण्याजोगे आहे. आठ ते चौदा वयाची, शाळेची पायरी न चढलेली मुले घ्यायची, नऊ महिन्यांत त्यांना स्वतःच्या भाषेत वाचायला, लिहायला आणि हिशेब करायला शिकवायचे आणि मग जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत, बहुधा तिसरी-चौथीत बसवायचे. नऊ महिन्यांचे हे काम आम्हाला अतिशय चोख वाटते. वर्ग संपून मूल नेहमीच्या शाळेत जाते तो दहावा महिना मात्र कच्चा राहतो, आणि तिथेच खूप काही हातचे निसटते.

आधी थोडी पार्श्वभूमी. घानाच्या दक्षिणेत मिशनच्या शाळा एकोणिसाव्या शतकातच रुजल्या होत्या. आक्रोपाँगचे शिक्षक-प्रशिक्षण विद्यालय 1848 चे. उत्तरेत कॅथलिक मिशनरी नावरोंगोला पोचले ते 1906 मध्ये. वसाहतीच्या सरकारला उत्तरेत शिक्षणाची घाई नव्हती. तिथून मजूर मिळाले की त्याचे भागत होते. स्वातंत्र्यानंतर, 1961 च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, पण आठ-दहा किलोमीटरवरच्या शाळेत सहा वर्षांचे मूल पावसाळ्यात कसे पोचणार, याचे उत्तर कायद्यात नव्हते. त्यात 1994 मध्ये या भागात दगोंबा, नानुंबा आणि कोंकोंबा या जमातींत मोठा संघर्ष पेटला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी डेन्मार्कमधल्या घाना मैत्री गटांच्या साथीने आणि डॅनिश सरकारच्या पैशावर हे वर्ग सुरू झाले.

वर्गाची रचना अशी: एका वर्गात पंचवीस मुले, त्यात निम्म्या मुली असाव्यात हा आग्रह. आठवड्याला पाच दिवस, रोज तीन तास, बहुतेक ठिकाणी दुपारनंतर, म्हणजे सकाळचे पाणी, गुरे आणि शेतातली कामे उरकल्यावर. ऑक्टोबरमध्ये वर्ग भरायला लागतो आणि जूनमध्ये संपतो. भर पावसाळ्याचे, खुरपणीचे महिने मोकळे. छत्तीस आठवडे धरले तर साधारण 540 तास होतात. नेहमीच्या शाळेत तीन वर्षे लागणारी मजल एवढ्यात मारायची, तर एकही दिवस वाया जाऊन चालत नाही.

वेळ आणि सुट्टीचे दिवस गावच ठरवते, आणि हे आम्हाला फार मोलाचे वाटते. दगोंबा भागातला बाजार सहा दिवसांनी फिरतो. म्हणजे बाजाराचा दिवस आज सोमवारी, तर पुढच्या खेपेला रविवारी. कॅलेंडर पाहून रविवारची सुट्टी दिली, तर बाजाराच्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा. शुक्रवारची नमाज वेगळीच. गावाची समिती बायकांनाही घेऊन बसते, वेळापत्रक लावते, शिकवणारा माणूस निवडते आणि मूल दोन दिवस दिसले नाही तर त्याच्या घरी जाते. दगोंबांमध्ये मुलगी आत्याकडे वाढवायला देण्याची जुनी रीत आहे. अशा मुलीला वर्गात आणायचे तर आईबापांची परवानगी पुरत नाही, आत्याशी बोलावे लागते. हे बाहेरच्या अधिकाऱ्याला ठाऊक नसते, समितीला असते.

शिकवण्याची पद्धत मराठी वाचकाला लगेच कळेल, कारण ती बाराखडीच्या जवळची आहे. रोजच्या वापरातला एक शब्द घ्यायचा. दगबानीत, म्हणजे दगोंबांच्या भाषेत, ‘यिली’ म्हणजे घर. आधी घरावर गप्पा, मग शब्द फळ्यावर, मग त्याचे ‘यि’ आणि ‘लि’ असे तुकडे, मग प्रत्येकाची स्वरांनिशी ओळ: या, ये, यि, यो, यु, ला, ले, लि, लो, लु. या तुकड्यांतून मुले स्वतः नवे शब्द जुळवतात. कोंकोंबा गावात हाच पाठ त्यांच्या भाषेत होतो. प्रत्येक मुलाला स्वतःची पुस्तके मिळतात. ही चैन नव्हे: तिघांत एक पुस्तक असले, की उलट्या बाजूने पाहणारे मूल महिनाभर ओळ घोकते आणि वाचत मात्र नाही.

प्रकाशित मूल्यमापनांनुसार दहापैकी नऊ मुले नऊ महिने पूर्ण करतात. दुर्गम गावांसाठी हा आकडा विलक्षण आहे.

आता उणिवा. शिकवणारे स्वयंसेवक असतात. गावातलेच, माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेले. सुरुवातीला काही आठवड्यांचे प्रशिक्षण, मधे उजळणी, आणि महिन्याला थोडी रक्कम, जिला तिकडे ‘साबणाचे पैसे’ म्हणतात. नाव योग्यच आहे, कारण त्यात साबणाच्या पलीकडे फारसे येत नाही. अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला की हा तरुण निघतो, आणि त्याने जावेच. पण फेब्रुवारीत तो गेला आणि दुसरा कोणी तयार नसला, तर वर्ग तिथेच थांबतो. समितीने सुरुवातीलाच दोघांना प्रशिक्षणाला पाठवावे, हा आमचा आग्रह. झाडाखालच्या वर्गाचेही तसेच: मेमध्ये वादळी पाऊस दुपारीच गाठतो. मशिदीची ओसरी किंवा एखादी मोकळी झोपडी आधीच ठरलेली हवी.

आणि तो दहावा महिना. सरकारी शाळेत चौथीपासून माध्यम इंग्रजी. दगबानीचे लेखन लॅटिन लिपीतच होते, त्यामुळे अक्षरे ओळखीची वाटतात, पण फसवतात. दगबानीत जे लिहिले ते तसेच वाचायचे; इंग्रजी ‘मेक’ हा शब्द हे मूल सरळ ‘माके’ वाचणार. शेपटीवाला न, उघडा ए, उघडा ओ ही कष्टाने शिकलेली अक्षरे अचानक गायब होतात. वर्गातले शिक्षक अनेकदा दक्षिणेतून आलेले, त्यांना मुलाची भाषा येत नाही. बारा वर्षांचा मुलगा नऊ-दहा वर्षांच्या मुलांत अवघडून बसतो. 2005 पासून सरकार दर मुलामागे शाळेला अनुदान देते, फी नाही, पण गणवेश आणि वह्या घरच्यांनाच घ्याव्या लागतात, आणि शाळा पूर्वी होती तितकीच लांब असते. म्हणूनच वर्ग पूर्ण करणाऱ्यांपैकी साधारण दोन-तृतीयांशच पुढे दाखल होतात.

ही पद्धत पुढे 2012 ते 2018 या काळात ब्रिटिश मदतीतून अनेक जिल्ह्यांत नेली गेली, आणि आता पूरक शिक्षणासाठी घानात स्वतंत्र सरकारी संस्था आहे. नवा वर्ग उघडणाऱ्यांनी पंचवीस पाट्या मोजण्याआधी जवळच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे. पुढच्या सत्रात चौथीत किती जागा, मुलांची भाषा येणारा एक तरी शिक्षक आहे का, वाटेत पावसाळ्यात ओढा भरतो का, हे विचारावे. शेवटचे सहा आठवडे रोज अर्धा तास तोंडी इंग्रजीला द्यावा: नाव सांगणे, हजेरीला उत्तर देणे, ‘मला कळले नाही’ म्हणणे. आणि जूनमध्ये वर्ग संपताच, शेतीची कामे मुलांना ओढून घेण्याआधी, शिकवणाऱ्याने सगळ्यांना घेऊन त्या शाळेपर्यंत चालत जावे आणि हजेरीपटावर नावे चढलेली पाहूनच परतावे.