आधी नाशिकची वही की तहसीलचं रजिस्टर?

वंशावळ लिहायला बसलं की दोन सल्ले हमखास मिळतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, नाशिकला जा, आपल्या उपाध्यांकडे वही आहे, सात पिढ्या निघतील. गावातला एखादा जाणकार म्हणतो, तहसीलला नकलेचा अर्ज टाक, जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टरच बघ. सल्ले दोन्ही बरोबर आहेत. फक्त वहीत नाती सापडतात आणि रजिस्टरात तारखा, त्यामुळे आपल्याला हवंय काय हे आधी ठरवलेलं बरं.

नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तिथल्या पिढीजात पुरोहितांच्या, वह्या (नामावळ्या) आडनाव आणि मूळगावावर लावलेल्या असतात. ‘आम्ही पुण्याचे’ सांगून पान निघत नाही. आजोबांच्या आधी गाव कुठलं होतं, आडनाव बदललं का, हे घरून विचारून जावं. समजा पणजोबा १९१९ साली कोणाच्या अस्थी घेऊन आले. त्या दिवशी त्यांनी बाप, आजा, भाऊ, चुलते, मुलं अशी सगळी नावं सांगितली आणि उपाध्यांनी ती लिहून घेतली. अशा दोन-तीन भेटींची पानं जुळवली की साखळी उभी राहते. तारीख मात्र असते ती यात्रेची. जन्म किंवा मृत्यू कधीचा, हे त्यावरून अंदाजानेच काढायचं. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, पण बहुतेक उपाध्ये त्या स्वतः वाचून दाखवतात. दक्षिणा द्यावी, फोटो विचारून काढावा आणि सिंहस्थाच्या किंवा श्रावणाच्या गर्दीत जाऊ नये. कोल्हापूर, सांगलीकडच्या घरांनी हेळव्यांनाही विचारावं. ते दारी येऊन वंशावळ वाचतात, म्हणजे प्रवासही वाचतो.

तहसीलचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर म्हणजे गाव नमुना नंबर १४, विदर्भात ज्याला कोतवाल बुक म्हणतात. त्याची गोष्ट अगदी उलटी. इथे दिवस, महिना, साल मिळतं, पण बाळाचं नाव बहुधा नसतं! कारण साधं आहे. पोलीस पाटलाने किंवा कोतवालाने वर्दी दिली तेव्हा बारसं झालेलंच नसे. ‘अमक्या बिन तमक्यास मुलगा झाला’, एवढीच ओळ. मी माझ्या पणजोबांची नोंद शोधली तेव्हा एकाच बापाला चार वर्षांत दोन मुलगे दिसले आणि त्यातले पणजोबा कोणते हे त्या कागदावरून ठरेना. शेवटी वहीतल्या भावांच्या क्रमावरून ठरलं. मृत्यूच्या पानांवर कारणाचा रकाना असतो. ताप, पटकी, देवी. ‘ताप’ या एका शब्दात कितीतरी आजार कोंबलेले असतात. १९१८ च्या मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीची, पानं उघडली तर एकाच घरातली नावं लागोपाठ येताना दिसतात आणि पुढचं पान उलटायला हात धजत नाही.

याच रजिस्टरात जातीचाही रकाना आहे, म्हणून २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधात त्यावरची धूळ झटकली गेली. सापडलेल्या नोंदींच्या गाववार याद्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. तेव्हा अर्ज करण्याआधी तिथे नजर टाकावी. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. तिथल्या जुन्या कागदांसाठी उर्दू वाचणारा माणूस सोबत लागतो.

जात पडताळणीसाठी कागद हवा असेल तर नाशिकचा फेरा सोडा. महसुली नोंद किंवा शाळेचं जनरल रजिस्टर धरा. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा बघतात. शाळेतल्या जन्मतारखेवर मात्र वंशावळ बांधू नका. महाराष्ट्रातली निम्मी जुनी पिढी १ जूनला जन्मली ती गुरुजींच्या लेखणीतून!

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे वारसाचा फेरफार, जमिनीच्या दप्तरातली नावबदलाची नोंद. खातेदार वारला की नोंद होते. त्यात कोण वारलं, कधी, मागे कोण, हे एका ठिकाणी असतं. वहीत मुली क्वचितच सापडतात. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारात त्या सासरच्या नावासकट येतात. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन महसूल खात्याच्या संकेतस्थळावर आहेत. जमीन नसलेल्या घरांना हा रस्ता बंद, हे कबूल.

लग्नाच्या नोंदीची आशा फार धरू नये. आजी-आजोबांचं लग्न सरकारदरबारी नोंदलेलं असणं हाच अपवाद. जपून ठेवलेली लग्नपत्रिका, कुलवृत्तांत, नाहीतर आजीच्या माहेरच्यांची क्षेत्रावरची वही, एवढंच हाती लागतं. घटस्फोटाचं त्याहून अवघड. हिंदूंना कायद्याने घटस्फोट बडोदा संस्थानात १९३१ साली आणि मुंबई प्रांतात १९४७ साली मिळाला. त्याआधी काडीमोड जातपंचायतीत व्हायची, तोंडी. फारकतीचा लेख झाला असेल तर तो ट्रंकेत सापडतो, कार्यालयात नाही. घरात कोणी ‘पहिली बायको’ म्हणताना आवाज खाली आणत असेल, तर तिथे जपून विचारा.

मुळं गोव्यात असतील तर यातलं बरंचसं विसरा. पोर्तुगीज अमदानीत १९१४ पासून जन्म, लग्न, मृत्यू सगळ्यांसाठी नागरी नोंदणीत आले. त्याआधीचं ख्रिस्ती घरांनी चर्चच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या पुस्तकांत पाहावं, हिंदूंनी देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या हक्कदार घराण्यांच्या, यादीत. भाषा पोर्तुगीज, अक्षर वळणदार, वाचायला वेळ लागतो. पण लग्नाच्या नोंदीशेजारचा समास बघायला विसरू नका. पुढे घटस्फोट झाला असेल तर त्याचा शेरा तिथेच मारलेला असतो.