पुरात भिजलेला प्रेस, एपॉक्सी प्रायमर आणि एक अख्खा पावसाळा

२०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं तेव्हा हा जुना एच फ्रेमचा हायड्रॉलिक प्रेस (तेलाच्या दाबाने चालणारं, H आकाराच्या चौकटीचं दाबयंत्र) नदीच्या बाजूच्या एका गोडाऊनमधे गुडघाभर पाण्यात उभा होता, नंतर तो आमच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (तिथल्या सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या) शेडमधे आला. २०२५ च्या मे मधे रंगवला, आता पावसाळा आणि दिवाळी दोन्ही झाली, म्हणून अनुभव लिहितोय.

वरची फ्रेम ठीक होती, पण खालचे चॅनेल (C आकाराचे लोखंडी बार) आणि पाय म्हणजे गंजाच्या खड्ड्यांनी नुसते देवीचे वण. आधी व्हर्नियर कॅलिपरच्या (बारीक मापाच्या पट्टीच्या) मागच्या दांडीने खोली बघितली कारण भार घेणाऱ्या भागात खड्डा खोल असेल तर पुट्टीचा विषयच येत नाही, पुट्टीने दिसायला सपाट होतं, ताकद परत येत नाही. एका पायाशी जास्तच खाल्लं होतं, तिथे वेल्डिंगने भरून ग्राइंड करून घेतलं, बाकीचे खड्डे उथळ.

ग्राइंडरला कप ब्रश लावला की थोड्या वेळात लोखंड चकाचक दिसायला लागतं आणि तिथेच फसगत होते. चमकतात ते खड्ड्यांचे काठ. तळाशी काळा ठिपका तसाच बसलेला असतो, स्क्राइबरने (टोकदार सळईने) टोचून बघा, चॉकलेटी भुकटी बाहेर येते. त्या भुकटीत क्षार अडकलेले असतात, ते हवेतला ओलावा ओढतात, रंगाखाली गंज परत चालू होतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते म्हणून रंग फुगून वर येतो. सँड ब्लास्टिंग सगळ्यात उत्तम पण त्यासाठी प्रेस खोलून न्यावा लागला असता, मग कंप्रेसरवर चालणारा नीडल स्केलर (सुया ठोकून गंज काढणारं हत्यार) भाड्याने आणला, त्याच्या सुया खड्ड्यात उतरतात. कान बधिर होतात, इअर प्लग आणि गॉगल हवेच. मग प्रेशरच्या पाण्याने दोनदा धुतलं, कारण क्षार पाण्यानेच जातात, थिनरने तेल निघतं, क्षार नाही. उरलेल्या पातळ गंजावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रिमूव्हर लावलं, परत नीट धुतलं आणि लगेच एअर गनने वाळवलं. हे धुणं टाळू नका, अ‍ॅसिड राहिलं तर एपॉक्सी प्रायमरचा, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या अस्तराच्या रंगाचा, हार्डनर (घट्ट करणारा भाग) नीट काम करत नाही आणि प्रायमर पकडत नाही.

आता मुद्द्याचं. आमचे पेंटरभाई म्हणाले, "शेठ, आधी पुट्टी मारू, मग प्रायमर, सगळीकडे असंच करतात." मी उलटं करायला लावलं. नेहमीची दोन भागांची पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते, ती सरळ लोखंडावर बसवली की ओलावा धरून ठेवते, म्हणून आधी एपॉक्सी प्रायमर. तो पण पहिला हात ब्रशने, खड्ड्यात घासून घासून, कारण स्प्रेने वरून पापुद्रा बनतो आणि खाली हवा अडकते. त्यावर पुट्टी पातळ थरात, घासायची कोरडीच, पाणी लावून नाही, मग परत एपॉक्सी आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पारा चाळिशीच्या वर होता त्यामुळे मिसळलेला प्रायमर डब्यातच घट्ट व्हायला लागायचा, थोडा थोडाच मिसळायचा.

रिझल्ट? चॅनेलवर आजपर्यंत एक फुगा नाही. हायड्रॉलिक ऑइल रोज सांडतं, पुसलं की झालं, रंग मऊ पडलेला नाही. शेजारच्या शेडमधे साधारण त्याच वेळी एक मशीन घासून, वर सरळ पुट्टी आणि रेड ऑक्साइड (साधा लाल प्रायमर) मारून रंगवलं होतं, श्रावणातच त्याच्या पायाशी फोड आले, मी नखाने एक उचलला तर अख्खी पुट्टी खपलीसारखी हातात आली, मागची बाजू ओली आणि तपकिरी.

माझ्याकडेही एक जागा बिघडलीये. दोन चॅनेल जिथे एकमेकांना चिकटून बोल्ट केलेत त्या फटीतून तपकिरी ओघळ आलाय. तिथे ब्रश जातच नाही, सुई पण नाही. खर्चाचं म्हणाल तर एपॉक्सी रेड ऑक्साइडपेक्षा बराच महाग पडतो, पण माझ्या मते पुरात भिजलेल्या मशीनला दुसरं काही लावूच नये, वाचवायचंच असेल तर वरच्या पीयूवर वाचवा, साधा इनॅमल मारा. त्या फटीसाठी आता थंडीत, हवा कोरडी आहे तोवर, बोल्ट काढून चॅनेल वेगळे करणार, आतून दोन्ही बाजूंना एपॉक्सी आणि परत आवळल्यावर कडेने पीयू सीलंट.