दरपत्रक डीलरांपर्यंत न्यायचं कशाने: व्हॉट्सअॅप, ईमेल की फीड?

हे तिन्ही मार्ग मी वापरले आहेत आणि तिन्ही चालतात. फीड म्हणजे साइटवरच्या नव्या नोंदींची (आयटमची) यादी. डीलर 'रीडर' नावाचं अॅप लावतो आणि ते ती यादी अधूनमधून तपासून नवं काय आलं ते दाखवतं. डीलर मोजके असतील आणि महिन्याला एखादं परिपत्रक निघत असेल, तर फार विचार करू नका, व्हॉट्सअॅप पुरतं. खरी निवड करावी लागते ती दर वरचेवर बदलायला लागले की, आणि त्याहून जास्त, कळवलेला दर चुकला की.

व्हॉट्सअॅपचा वेग कोणालाच गाठता येत नाही. पण ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणांची मर्यादा आहे आणि तुमचा नंबर ज्याने सेव्ह केलेला नाही त्याच्यापर्यंत संदेश जातच नाही. डीलरने फोन बदलला, नंबर पुन्हा सेव्ह करायचा राहिला, की तो यादीतून गळतो आणि इकडे कोणाला कळतही नाही. बिझनेस एपीआय (आपल्या सॉफ्टवेअरमधून व्हॉट्सअॅप संदेश पाठवण्याची सोय) घेतला तर ही अडचण सुटते, मात्र मग टेम्प्लेट, म्हणजे संदेशाचा साचा, मंजूर करून घ्या, संदेशागणिक पैसे मोजा, हे मागे लागतं.

ईमेल जास्त भारदस्त. कधी, काय, कोणाला कळवलं याची नोंद राहते, आणि वाद झाला तर ती कामाला येते. त्यासाठी डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरोखर तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या नोंदी) नीट लावलेलं हवं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत कडक झालं आहे. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) आणि एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोयही द्यावी लागते. 'कोणी उघडला' या आकड्यावर मात्र विसंबू नका. २०२१ पासून अॅपलचं मेल अॅप, वापरणाऱ्याने गोपनीयतेची सोय चालू ठेवली असेल तर, मेलमधली चित्रं आपणहून उतरवून ठेवतं. त्यामुळे न वाचलेला मेलही वाचलेला दिसतो.

आता माझ्यापुरता ज्याने निकाल लागला ती कटकट: शुद्धिपत्रक.

दरपत्रकात एका मॉडेलचा दर चुकीचा छापला गेला. व्हॉट्सअॅपवर मजकूर १५ मिनिटांच्या आत सुधारता येतो, पण पीडीएफ सुधारता येत नाही, फक्त काढून टाकता येते, तीही साधारण अडीच दिवसांच्या आत. तोवर ती पुढे गेलेली असते. ईमेलमध्ये तर गेलेला मेल गेलाच. आउटलुकचं 'रिकॉल' कंपनीबाहेरच्या माणसाला लागू होत नाही. मग 'सुधारित' म्हणून दुसरा मेल जातो, आणखी एक चूक सापडली की 'अंतिम सुधारित' म्हणून तिसरा. डीलरच्या काउंटरवरचा माणूस बिल करताना मेलमध्ये 'रेट लिस्ट' शोधतो आणि तिन्हींतली जी आधी हाताला लागेल ती उघडतो. नावं सारखीच, आतली तारीखही तीच. चूक त्याची नसते. एकाच कागदाच्या तीन प्रती आपणच त्याच्या हातात ठेवलेल्या असतात.

फीडमध्ये हे उलटं करता येतं. प्रत जातच नाही, फक्त सूचना जाते. आयटममध्ये शीर्षक, दर कधीपासून लागू ती तारीख, दोन ओळींचा सारांश आणि दराच्या पानाचा दुवा, एवढंच ठेवायचं. दर फक्त त्या पानावर. चूक सापडली की पान दुरुस्त करायचं. जुन्या दुव्यावरून येणाऱ्यालाही नवाच दर दिसतो. बातम्या किंवा लेख असतील तर फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यावा, पण दरांसाठी देऊ नये, कारण रीडरमध्ये उतरलेली प्रत तुमच्या ताब्यात राहत नाही.

वर्डप्रेसवर साइट असेल तर फीड आयतं मिळतं. 'दर' अशी वेगळी कॅटेगरी करा, तिच्या पत्त्यापुढे '/feed/' जोडला की फक्त दरांचं फीड तयार. पीडीएफ द्यायचीच असेल तर एक सांभाळा: त्याच नावाची फाइल पुन्हा अपलोड केली की वर्डप्रेस नावाला १ जोडून नवी फाइल करतं आणि जुनी तिच्या दुव्यावर तशीच जिवंत राहते. म्हणून फाइल बदलून ठेवणारं प्लगइन वापरा आणि नंतर कॅशे (साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती) रिकामा करा, नाहीतर दोन दिवस जुनीच फाइल उघडत राहील.

दुरुस्ती कळवताना जुना आयटम नुसता सुधारू नका. फीड आरएसएस किंवा अॅटम या स्वरूपात असतं. आरएसएस २.० मध्ये आयटम कधी सुधारला हे सांगणारा वेगळा टॅगच नाही. अॅटममध्ये तो आहे आणि सक्तीचा आहे. तरीही बरेच रीडर सुधारलेला आयटम पुन्हा 'न वाचलेला' म्हणून वर आणत नाहीत. तेव्हा पान दुरुस्त करा, आणि 'शुद्धिपत्रक' अशा शीर्षकाचा छोटा नवा आयटम त्याच पानाच्या दुव्यासह टाका. फीड हाताने किंवा ईआरपीतून (धंद्याचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) बनवत असाल तर नव्या आयटमला नवी ओळखखूण द्या, पण जुन्यांच्या खुणांना हात लावू नका. त्या बदलल्या की सगळी जुनी परिपत्रकं नवी म्हणून पुन्हा येऊन पडतात.

फीड बंद पडण्याची कारणं बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. फर्मच्या नावातलं & हे चिन्ह तसंच सोडलं की एक्सएमएल, म्हणजे फीड ज्या भाषेत लिहिलेलं असतं ती, मोडतं. थीमच्या फाइलमध्ये शेवटी एखादी रिकामी ओळ राहिली, ती फीडच्या आधी छापली गेली, तरी रीडर फीड वाचत नाही. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव फाँटमधून चिकटवलेलं मराठी तिकडे अगम्य अक्षरं होऊन दिसतं. आधी युनिकोड करून घ्या. आणि साइटला बॉटपासून (माणसाऐवजी आपोआप साइट उघडणाऱ्या प्रोग्रामपासून) संरक्षण लावलं असेल तर फीडचा पत्ता त्यातून वगळा, कारण रीडर हाही त्याच्या लेखी बॉटच.

फीडच्या उणिवा आहेतच. कोणी वाचलं हे कळत नाही. रीडर तासातून एकदा विचारायला येत असेल तर सूचना तेवढी उशिरा पोचते. डीलरनिहाय सवलत फीडमध्ये कधीच टाकू नये. गुप्त पत्ता दिला तरी तो पुढे जातो. आणि खरी अडचण म्हणजे डीलरला रीडर लावून देणं. थंडरबर्डमध्ये सोय आहे, जुन्या आउटलुकमध्येही आहे, नव्यात नाही. रिझर्व्ह बँक आणि सेबी दोघांचीही फीडं आहेत. डीलरच्या अकाउंटंटला ती आधी जोडून दिली, तर रीडर रोज उघडण्याला कारण मिळतं. माझ्या पाहण्यात हा उपाय समजावून सांगण्यापेक्षा जास्त लागू पडतो.

जे डीलर रीडर घेणारच नाहीत, त्यांच्यासाठी फीडवरून आपोआप मेल पाठवणारी सेवा जोडा आणि मेलमध्ये पीडीएफ न जोडता दुवाच जाऊ द्या. व्हॉट्सअॅपवरही तोच दुवा. तिन्हीकडे पोचणारं पान एकच राहिलं, की कुठला मार्ग कोणाला आवडतो याने फारसा फरक पडत नाही. फक्त हे पान आणि फीड दोन्ही स्वतःच्या डोमेनवर ठेवा, आणि साइट बदलली तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगून आपोआप वळवणं) लावून ते निदान वर्षभर चालू ठेवा.