रामोजी फिल्म सिटीचं तिकीट काढताना मी केलेला शहाणपणा

नांदेडहून हैद्राबादला जायचं म्हणलं की आमच्याकडं एकतर दवाखाना नाहीतर लग्नाचा बस्ता, निस्तं फिरायला म्हणून आमच्या घरातून आजपर्यंत कुणी गेलं नव्हतं. ह्या दिवाळीला लेकरांनी लईच धरलं म्हणून दुकान तीन दिवस बंद ठेवलं (कृषी सेवा केंद्र आहे, तीन दिवस बंद म्हणजे काय ते दुकानदारालाच कळतं) आन गाडी काढली. मी, बायको, माय, नववीतली पोरगी आन चौथीतलं पोरगं. एक दिवस रामोजी फिल्म सिटी, एक दिवस वंडरला (राईड आन पाण्याचं पार्क). जायच्या आधी आठ दिवस मी मोबाईलवर तिकिटंच बघायलो होतो आन तरी चुकलो, म्हणून हे लिहायलो, कुणाला उपयोग झाला तर झाला.

आधी तारखेचं सांगतो कारण तेवढंच एक माझं बरोबर निघालं. तेलंगणात शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असती, बतुकम्मा (तिकडचा सण) आन दसरा मिळून जवळजवळ दोन आठवडे, मग संक्रांतीला. दिवाळीला तिकडं एक-दोन दिवसच. आपल्याकडं उलटं. म्हणजे भाऊबीज झाली की आपली लेकरं मोकळी आन तिकडची शाळेत. भाऊबीजेनंतरचा मंगळवार-बुधवार धरून गेलो, रांगा होत्या पण धक्काबुक्की नव्हती. डिसेंबर-जानेवारीत रामोजीत विंटर फेस्ट असतो, संध्याकाळी लायटिंग, कार्निव्हल वगैरे, ज्याला ते बघायचं त्याने तेव्हा जावं पण गर्दी धरून चाला. आन एप्रिल-मेमधी जाऊच नका, आपल्यासारखंच ऊन हाय तिकडं आन दिवसभर हिंडायचं असतं.

रस्ता सोपा आहे. नांदेड, देगलूर, मग संगारेड्डी, रस्ता चांगला झालाय आता. लोक चूक काय करतात तर तसेच हैद्राबादात घुसतात आन दोन तास ट्रॅफिकमधी बसतात. रामोजी शहराच्या पार पलीकडं आहे, विजयवाडा हायवेवर. पटनचेरूच्या अलीकडंच आउटर रिंग रोडला लागायचं आन वळसा मारून पेद्दा अंबरपेटला उतरायचं, एक्झिट नंबर 11. टोल लागतो, फास्टॅगमधी पैसे ठेवा. वंडरला पण ह्याच रिंग रोडला आहे, रावीरालला, एक्झिट 13. दोन्ही करायचे असतील तर मुक्काम ह्याच बाजूला टाका, चारमिनारजवळ रूम घेऊन रोज इकडं येण्यात काही अर्थ नाही. रेल्वेनं जाणाराला देवगिरी आहेच, आन शहरातून मेट्रोनं एल.बी. नगरपर्यंत येता येतं, तिथून पुढं बस नाहीतर रिक्षा.

एक मात्र करू नका, पहाटे चारला निघून त्याच दिवशी रामोजी. आमच्या मेव्हण्याने तेच केलतं. पार्क सकाळी 9 ला उघडतं आन साडेपाचला आवरतं, हे साडेदहाला पोचले, गाडी लावून, तिकीट दाखवून, आतल्या बसमधी बसेपर्यंत साडेअकरा. अर्धा दिवस गेला आन तिकीट मात्र पुरं. आम्ही आदल्या दिवशी जेवून निघालो आन हयातनगरच्या बाजूला एका लॉजवर थांबलो. लॉजचं नाव घेत नाही, फोटोत गिझर होता, रूममधी पण होता, गरम पाणी तेवढं नव्हतं.

आता तिकीट. मोटामोटी तीन प्रकार धरा. एक साधं दिवसभराचं, मोठ्या माणसाला दीड हजाराच्या आसपास पडतं टॅक्स धरून, त्यात आतल्या बसा, सेट बघणं, शो, लेकरांच्या राईड. दुसरं प्रीमियम, त्याच्या दुपटीच्या आसपास, त्यात एसी बस, सोबत गाईड, दुपारचं बुफे जेवण, शोला बसायला पुढची जागा. तिसरं म्हणजे आतल्याच हॉटेलात मुक्कामाचं पॅकेज, सितारा सगळ्यात भारी, तारा मधलं, शांतिनिकेतन त्याहून स्वस्त आन सहारामधी ग्रुपसाठी डॉर्मिटरी, शाळेच्या सहली तिथं उतरतात. पॅकेजमधी फिल्म सिटीचं तिकीट धरलेलंच असतं, त्यामुळं रूमचा आकडा बघून घाबरू नका, पाच जणांची तिकिटं आन लॉजचं भाडं त्यातून वजा करून बघा, फरक वाटतो तेवढा राहत नाही. मी हे गणित घरी आल्यावर केलं.

मी काय केलं ते सांगतो. मायचं गुडघ्याचं दुखणं, म्हणून मायला आन बायकोला प्रीमियम काढलं, आन मी आन दोन लेकरं साध्या तिकिटावर. तीन जणांचे पैसे वाचले म्हणून लई खुश होतो. गावातल्या एका एजंटानं सांगितलं होतं की काही फरक नाही, आत गेल्यावर सगळे एकच. त्याचं पण नाव घेत नाही पण त्याच्याकडून परत साधं एसटीचं तिकीट बी काढणार नाही.

आत गेल्यावर सगळे एक नसतात. प्रीमियमची बस वेगळी, वेळ वेगळी, जेवायची जागा वेगळी. गेटवरच फाटाफूट झाली. माय बसच्या पायरीवर उभी राहून विचारायली, "अन् लेकरं काहून खाली उतरवलीस रे?" मी म्हणलं, माय, तू बस, आम्ही मागच्या गाडीनं यायलोत. ती म्हणे मग मी बी मागच्याच गाडीनं येते. मागं शंभर माणूस खोळंबलेलं. बायकोनं कसंतरी बसवलं. पुढं दोन-अडीच तास निस्ते फोन, तुम्ही कुठं, आम्ही इथं, इथं म्हणजे कुठं, ते पांढऱ्या पुतळ्यापाशी. तिथं पांढरे पुतळे किती आहेत हे जाऊन आलेल्याला माहीत आहे. 1666 एकराची जागा आहे ती, जगातला सगळ्यात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात नाव आहे, तिथं पुतळ्यापाशी ये म्हणून भागत नाही.

आन गंमत अशी की दुपारी भेट झाली तेव्हा मायला एसी बस आवडलीच नव्हती. काचा बंद, गार लागतंय, दिसत काही नाही. साध्या तिकिटाला ती लाल रंगाची, बाजूनं उघडी, जुन्या पद्धतीची बस असती, तिच्यात मायला बसायचं होतं. मग प्रीमियम सोडून ती आमच्या लाल बसमधी आली, पुढच्या सीटवर दांडी धरून बसली आन दिवसातली सगळ्यात चांगली वेळ तीच गेली. आता ह्याचा अर्थ प्रीमियम वाईट असा नाही. जेवण बायको म्हणे चांगलं होतं, उन्हाळ्यात गेलं असतं तर त्याच एसीला मायनं आशीर्वाद दिला असता. पण घ्यायचं तर सगळ्यांचं एकच घ्या. आन कोणतं घ्यायचं हे ठरवताना घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस आन सगळ्यात लवकर भूक लागणारं लेकरू ह्या दोघांकडं बघा, बाकीच्यांचं जमतं.

लाल बसमधून सेट दिसतात. विमानतळ, रेल्वे स्टेशन, लंडनवानी गल्ली, जपानी बाग, देवळं, राजवाडे. गाईड हिंदीत सांगत जातो, अमुक पिक्चर इथं झाला, तमुक गाणं तिथं झालं. एका इमारतीसमोर बस थांबली, समोरून विमानतळ आन वळून बाजूनं गेलं की वेगळीच इमारत. मायनं मान वाकडी करून मागं बघितलं, मागं बांबू आन प्लायवुडचा टेका. म्हणे, "देशमुखाचा वाडा पडून निस्ता दरवाजा उभा राहिल्यावानी हाय बघ." आमच्या गावात खरंच तसा दरवाजा आहे, आत बाभळी उगवल्यात. त्यानंतर ती प्रत्येक सेटच्या मागं काय आहे तेच बघत होती, पुढून काही बघायलाच तयार नाही.

बाहुबलीचा माहिष्मतीचा सेट लेकरांना आवडला, फोटोसाठी रांग लागते, पण पंधरा मिनिटात होतं. पक्ष्यांचा पार्क आन फुलपाखरांची बाग ह्याच्यात आमचं पोरगं रमलं, मी झाडाखाली बसून घेतलं. फंडूस्तान म्हणून लहान लेकरांचा भाग आहे, तो आठ-दहा वर्षापर्यंतच्यांना ठीक, नववीतल्या पोरीनं तिथं तोंड वाकडं केलं. बोरासुरा म्हणून भुताची गुहा, तिथं पोरगी हसत गेली आन बापाचा हात धरून बाहेर आली, हे मी लिहिलंय म्हणून ती चिडणार आहे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलं ते पिक्चर कसा करतात ते दाखवायचा शो. आपल्यातल्याच एका बाईला वर बोलावलं, जागच्या जागी उभ्या टांग्यात बसवलं, दोघं जण मागून टांगा हलवतात, ती लगाम ओढायचं नाटक करते, सगळे हसायले. मग दुसऱ्या खोलीत आपल्यातल्याच चार जणांकडून टापांचा आवाज काढून घेतात, नारळाच्या करवंट्या वगैरे, आन तिसऱ्या खोलीत सगळं जोडून दाखवतात तर पडद्यावर टांगा चक्क धावायला लागतो. शेजारी बसलेला एक माणूस नवऱ्यावानी टाळ्या वाजवत होता, नंतर कळलं नवराच होता.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. 2000 साली ई टीव्ही मराठी चालू झालं ते ही फिल्म सिटी उभारणाऱ्या रामोजी रावांच्या ईनाडू ग्रुपचं, आन बातम्या इथूनच जायच्या. आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी पत्रकारितेची पहिली नोकरी हैद्राबादला केली ती ह्याच्यामुळं. लहानपणी आम्ही केबलवर मुंबईच्या वाटणाऱ्या ज्या बातम्या बघायचो त्या खरं तर नांदेडपासून अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवरून यायच्या. फिल्म सिटी 1996 ची, रामोजी राव 2024 च्या जूनमधी वारले. गाईडला मी ई टीव्ही मराठीचं विचारलं तर तो वीस-बावीस वर्षाचं पोरगं, त्याला काय माहीत.

खायचं म्हणाल तर बाहेरचं आत नेता येत नाही. मायनं दशम्या, धपाटे, लसणाची चटणी असं गाठोडं आणलं होतं, ते पार्किंगमधी सकाळी साडेआठला गाडीच्या डिक्कीवर मांडून खाल्लं, शेजारच्या गाडीवाले परभणीचे निघाले, त्यांना बी दिलं. पोटभर खाऊनच आत जा, म्हणजे दुपारी दोनपर्यंत भागतं. आत हॉटेलं भरपूर आहेत, भाव अशा कुठल्याबी पार्कात असतात तसे, चार-पाच माणसाचे दीड-दोन हजार जेवणाला वेगळे धरूनच चाला. पाण्याच्या बाटल्या, टोपी, आन मायसारखं कुणी असेल तर मऊ चप्पल. बस आहे म्हणून चालावं लागत नाही असं समजू नका, बस उतरवते तिथून पुढं चालायचंच असतं.

दुसऱ्या दिवशी वंडरला. ह्याचं थोडक्यात सांगतो कारण मी निम्मा वेळ लॉकरपाशी कपडे सांभाळत बसलो होतो. 2016 ला चालू झालेलं पार्क आहे, इथं सेट-बिट काही नाही, राईड आन पाणी, दोन्ही एकाच तिकिटात. लेकराचं तिकीट वयावर नाही, उंचीवर. 85 सेंटीमीटरच्या खाली फुकट, 140 पर्यंत लहान, त्याच्या वर मोठ्याचं. पोरगी दीडशेच्या वर, तिला मोठ्याचं लागलं. निघायच्या आधी घरी चौकटीला उभं करून टेपनं मोजून घ्या, कारण मोठ्या राईडला पण उंचीची अट असती आन लेकराला तिथं रांगेत नेऊन परत आणायचं म्हणजे काय रडारड होती ते मी बघितलं. आमच्या पठ्ठ्यानं बुटाच्या आत रुमाल घातला होता उंची वाढवायला, तरी नाही सोडलं, आन ते बरोबरच आहे.

शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी तिकीट स्वस्त पडतं, ऑनलाईन आधीच काढा. फास्टट्रॅक म्हणून जास्तीच्या पैशात रांग टाळायचं तिकीट मिळतं, ते गर्दीच्या दिवशीच घ्यावं, आम्ही बुधवारी गेलो तर साध्या तिकिटावर पोरीनं ती उलटी जाणारी रिकॉईल राईड दोनदा केली. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात, घरूनच न्या. सकाळी कोरड्या राईड उरकून घ्या आन दुपारनंतर पाण्यात उतरा, एकदा भिजलं की लेकरं बाहेर निघत नाहीत.

माय आन बायको त्या दिवशी वंडरलाला आल्याच नाहीत, त्या सालारजंग म्युझियम आन चारमिनारला गेल्या, तिथं लाड बाजारात बांगड्या घेतल्या, आन ते दोन तिकिटांचे पैसे वाचले हे मात्र मी आधीच ठरवलेलं होतं. पाच जणांनी पाचही ठिकाणी गेलंच पाहिजे असं काही नसतं. मायचा बाप निजामाच्या काळात कोर्टाच्या कामाला हैद्राबादला यायचा, त्यानं आणलेल्या बांगड्यांची गोष्ट ती सांगत होती, ते तिला रामोजीपेक्षा मोठं.

आता जालन्याहून बहीण विचारायली, तिला लेकरं लहान आन सासूबाई सोबत. तिला सांगितलं, सगळ्यांचं साधं घे, एकच घे, मधल्या वारी जा, आन पहिल्याच फेरीत लाल बसमधी पुढची सीट धर. सासूबाईंना पुढं बसव म्हणलं, म्हणजे मागं काय आहे ते वळून नीट बघता येतं.