पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' एलपीवर: काही महिन्यांनंतर

पावसाळ्याच्या तोंडावर या ब्रिटिश रॉक बँडची ही रेकॉर्ड घेतली. 180 ग्रॅमचं जाड विनाइल, उघडणारं दुहेरी कव्हर, आत पोस्टर आणि स्टिकर. गाणी कॉलेजपासून मोबाइलवर ऐकतोय, त्यामुळे 'मग एवढे पैसे कशाला?' हा घरातला प्रश्न रास्तच होता.

सुरुवातीला मी नुसत्या करामतीच ऐकत होतो. 'टाइम'मधली घड्याळं इंजिनिअर ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टेपवर घेतलेली. 'मनी'मधला गल्ल्याचा खळखळाट म्हणजे पट्टीने मोजून कापलेल्या आणि चिकटवलेल्या टेपचा लूप. गाणं सात मात्रांत चालतं (रूपक ताल ऐकलेल्या कानाला काही अडत नाही), गिटारच्या सोलोला चारवर येतं. हे सगळं 1972-73 मध्ये, लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत, हाताने.

मग हळूहळू शब्द लागायला लागले. वेळ, पैसा, वेड, मरण. सगळे शब्द बँडचा बासवादक रॉजर वॉटर्सचे. मानसिक तोल ढळल्यावर 1968 मध्ये बँडमधून बाहेर पडलेल्या मूळ गायकाची, सिड बॅरेटची सावली 'ब्रेन डॅमेज'वर आहेच. मधूनमधून येणारी बोलणी ऐका: वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओतल्या माणसांना विचारले होते. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची उत्तरं वापरली नाहीत, दरवानाची ठेवली. बरं केलं.

पण माझे पैसे वसूल झाले ते बाजू उलटताना. पहिली बाजू 'द ग्रेट गिग इन द स्काय'ने संपते. बँडच्या रिक राइटचा पियानो आणि क्लेअर टोरीचा शब्दांवाचून चढत जाणारा आवाज. मरणाचं गाणं. (तिला तेव्हा 30 पाउंड मिळाले. 2004 मध्ये ती कोर्टात गेली, तडजोड झाली, आता श्रेयात राइटसोबत तिचंही नाव असतं.) मोबाइलवर त्यानंतर लगेच गल्ला खणखणतो. इथे तसं होत नाही. उठायचं, रेकॉर्ड उलटायची, आणि पैशाच्या गाण्यावर आपल्याच हाताने सुई टेकवायची. दरवेळी थोडं ओशाळायला होतं.

तक्रारीही आहेत. 'ऑन द रन' आता जुनं वाटतं, सिंथेसायझरची नवलाई ओसरली की मागे फारसं उरत नाही. सुरुवातीचे हृदयाचे ठोके इतके हळू आहेत की धुळीचा कण न् कण ऐकू येतो, ब्रश फिरवल्याशिवाय लावूच नका. दुसऱ्या बाजूला 'अस अँड देम' मात्र निव्वळ सुख. ही चाल राइटने इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनीच्या 'झाब्रिस्की पॉइंट' या सिनेमासाठी केली होती, त्याने ती नाकारली. डिक पॅरीचा सॅक्सोफोन या एलपीवर खोलीत उभा राहतो.

टर्नटेबल घेतलं की पहिली रेकॉर्ड हीच घ्या, असं सगळे सांगतात. अंगचेच स्पीकर असलेला सुटकेस प्लेअर असेल तर थांबा. त्यावर खालचा बास जवळपास गायबच होतो. आधी बरे स्पीकर आणि चांगली कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) घ्या, रेकॉर्ड कुठे पळून जात नाही.