घरचा बंद पीसी बाहेरगावाहून चालू करायला: रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू आणि टेलस्केल

आधी निकाल, मग तपशील. घरचा डेस्कटॉप बंद ठेवून बाहेरगावी जायचे आणि लागेल तेव्हा तिथूनच चालू करायचा असेल, तर झीरो २ डब्ल्यू (रास्पबेरी पायचा छोटा संगणक-बोर्ड) आणि टेलस्केल या व्हीपीएनची (आपली यंत्रे इंटरनेटवरून एका खाजगी जाळ्यात जोडणारी सेवा) मोफत वैयक्तिक योजना ही जोडी पैशाला पुरेपूर आहे. पाचपैकी चार गुण. मात्र ही जोडी तासाभरात लागते आणि बाकीचा वेळ पीसीच्या बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) आणि विंडोजच्या कोपऱ्यांत जातो, हे विकत घेण्यापूर्वीच माहीत असावे.

पीसी चोवीस तास चालू का ठेवू नये? नुसता बसलेला डेस्कटॉप ६० वॉट घेतो असे धरा, महिन्याला ४३ युनिट झाले. झीरोला एक वॉट धरला, तर वर्षभराचे नऊ युनिटही होत नाहीत.

मधे हा छोटा बोर्ड कशाला, असा प्रश्न हमखास येतो. वेक-ऑन-लॅनसाठी, म्हणजे बंद पीसी नेटवर्कवरून उठवण्यासाठी, जे मॅजिक पॅकेट पाठवतात त्यात सहा बाइट एफएफ आणि त्यापुढे पीसीच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) सोळा वेळा, एवढेच असते. एकूण १०२ बाइट. ते घरातल्या नेटवर्कवर ब्रॉडकास्ट करायचे, म्हणजे सगळ्या यंत्रांना एकदम पाठवायचे असते आणि ब्रॉडकास्ट इंटरनेटवरून पुढे जात नाही. राउटरवर यूडीपी ९ हे पोर्ट पीसीकडे वळवले की पहिल्या चाचणीत काम झाल्यासारखे वाटते, कारण पीसी नुकताच बंद झालेला असतो आणि राउटरच्या एआरपी तक्त्यात (कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याचा, ही यादी) त्याची नोंद शिल्लक असते. थोड्या वेळाने ती नोंद पुसली जाते आणि पॅकेट कुठे टाकायचे तेच राउटरला कळत नाही. 'काल चाललं, आज नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

आपल्याकडे तर पोर्ट वळवण्यापर्यंतही गाडी जात नाही. जिओफायबरसह कितीतरी घरगुती जोडण्यांत आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, म्हणजे सीजीनॅट. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये दिसला तर समजून जा. (टेलस्केलही याच पट्ट्यातले पत्ते वाटते. ते पाहून गोंधळू नका.) टेलस्केलची जोडणी घरातून बाहेरच्या दिशेने सुरू होते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही आणि एकही पोर्ट उघडावे लागत नाही. पण टेलस्केल स्वतः ब्रॉडकास्ट पोचवत नाही, आणि बंद पीसीवरचे टेलस्केलही बंदच. म्हणून घरात सतत जागे असलेले एक यंत्र लागते. झीरोचे काम तेवढेच.

झीरो २ डब्ल्यू २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १५ डॉलरला आला. चार कोअर, ५१२ एमबी रॅम. या कामाला एवढे जास्तच आहे. सोबत १६ जीबीचे मेमरी कार्ड आणि ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा मायक्रो यूएसबी चार्जर घ्या. बोर्डावर दोन मायक्रो यूएसबी सॉकेट आहेत, त्यांपैकी कडेच्या 'पीडब्ल्यूआर इन'मध्ये चार्जर लावायचा. इमेजर नावाच्या प्रोग्रॅममधून रास्पबेरी पाय ओएस लाइट ही ऑपरेटिंग सिस्टीम कार्डावर उतरवताना वायफायचा पासवर्ड आणि एसएसएच (दुसऱ्या यंत्रावरून आज्ञा देण्याची सोय) तिथेच भरून टाका, म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड काहीच जोडावे लागत नाही.

याची खरी उणीव वायफायची. लॅन पोर्ट नाही आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झ. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचे वेगळे नाव असेल तर ते याला दिसणारच नाही. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए२/३ मिश्र ठेवलेली बरी. गेस्ट नेटवर्कवर अजिबात जोडू नका, तिथून ब्रॉडकास्ट घरच्या नेटवर्कवर येत नाही. वायफायची पॉवर सेव्ह बंद करा, नाहीतर एसएसएच अडखळत चालते. जाडजूड भिंतींच्या घरात राउटर एका टोकाला असेल, तर लॅन पोर्ट असलेले मोठे मॉडेल घेणे शहाणपणाचे.

टेलस्केल बसवल्यावर त्यांच्या अ‍ॅडमिन पानावर झीरोची 'की एक्स्पायरी' (जाळ्यातल्या ओळख-किल्लीची मुदत) बंद करायला विसरू नका. मूळ मुदत १८० दिवसांची असते. ती संपली की झीरो गुपचूप जाळ्यातून बाहेर पडतो, आणि ते कळते तेव्हा आपण घरापासून लांब असतो. परदेशी राहून वर्षा-दोन वर्षांनी घरी येणाऱ्यांनी तर हे काम पहिल्याच दिवशी करावे.

पॅकेट पाठवायला 'वेकऑनलॅन' नावाचे छोटे पॅकेज पुरते. त्याला मॅक पत्त्याबरोबर घरच्या नेटवर्कचा ब्रॉडकास्ट पत्ताही द्या. राउटर १९२.१६८.२९.१ वर असेल, जसा जिओचा असतो, तर तो १९२.१६८.२९.२५५. आयफोनवर 'शॉर्टकट्स'मध्ये एसएसएचवरून स्क्रिप्ट चालवायची सोय आहे, त्यामुळे होम स्क्रीनवर एक बटण बनते. अँड्रॉइडवर टर्मक्स हे आज्ञा टाइप करण्याचे अ‍ॅप चालते. टायपिंगच नको असेल तर अपस्नॅप हे वेबपान झीरोवर बसवा. पीसी जागा झाला की नाही तेही त्यात दिसते. फोनवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, तेव्हा ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल तर आधी तो सोडावा लागेल.

आता पीसी. आधी केबल: पीसी राउटरला लॅन केबलनेच जोडलेला हवा, कारण वायफायवरून पूर्ण बंद पीसी उठवण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. मग बायोस. 'ईआरपी रेडी' हा वीजबचतीचा पर्याय चालू असेल तर बंद केल्यावर नेटवर्क कार्डाची वीजच तुटते, ते बंद करा. जागे करण्याच्या पर्यायाचे नाव मदरबोर्डागणिक बदलते: कुठे 'पॉवर ऑन बाय पीसीआय-ई', कुठे 'रिझ्यूम बाय पीसीआय-ई डिव्हाइस', कुठे सरळ 'वेक ऑन लॅन'. बदल जतन करून पीसी बंद करा आणि मागे वाकून लॅन पोर्टचा दिवा बघा. तो जळत असला पाहिजे. बंद अवस्थेत जोडणी बहुधा १० एमबीपीएसवर उतरते, त्यामुळे रंग बदलला तर घाबरू नका. दिवा पूर्ण विझला असेल तर पॅकेट पाठवत बसण्यात वेळ घालवू नका, पुन्हा बायोसमध्ये जा.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून नेटवर्क कार्ड उघडा. 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' चालू, रिअलटेकचे कार्ड असेल तर 'शटडाऊन वेक-ऑन-लॅन'ही चालू, आणि 'वेक ऑन पॅटर्न मॅच' बंद. हे शेवटचे राहिले तर पीसी रात्री-बेरात्री आपणहून उठतो आणि भुताटकीचा संशय येतो. पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये फक्त मॅजिक पॅकेटनेच उठू देण्याची खूण करा.

त्यानंतर फास्ट स्टार्टअप. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटण काय करते त्या पानावर तो मिळेल. खूण पुसट दिसली तर वरच्या 'चेंज सेटिंग्ज' दुव्यावर टिचकी मारा. फास्ट स्टार्टअप असताना शटडाऊन म्हणजे अर्धवट हायबरनेशन (चालू स्थिती डिस्कवर साठवून बंद होणे) असते, आणि त्या वाटेने बंद होताना विंडोज नेटवर्क कार्डाला उठवण्यासाठी तयार ठेवत नाही. ते काढल्यावर पूर्ण शटडाऊनमधून उठणे बायोस आणि ड्रायव्हरच्या मर्जीवर राहते. मायक्रोसॉफ्ट पाठिंबा देते ते स्लीप आणि हायबरनेटमधून उठण्याला. म्हणून आमचा कल शटडाऊनऐवजी हायबरनेटकडे आहे. त्याच पानावर त्याची खूण केली की पॉवर मेनूत ते दिसू लागते. स्लीपमधून उठवणार असाल तर लक्षात घ्या: समोर कोणी नाही असे दिसले तर विंडोज दोन मिनिटांत परत झोपू शकते, तेव्हा लगेच जोडून घ्या.

लिनक्सवाल्यांचे काम थोडके. ईथटूल या नेटवर्क कार्डाच्या सेटिंग्ज दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'वेक-ऑन'पुढे 'जी' दिसले पाहिजे, 'डी' असेल तर ते बंद आहे. रीस्टार्टनंतर बदल पुसला जात असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या जोडणीतच 'मॅजिक' लिहून ठेवा.

आपल्याकडचा खास त्रास लाइट जाण्याचा. वीज पूर्ण तुटून परत आली की पुष्कळ मदरबोर्डांवर नेटवर्क कार्ड आधीची तयारी विसरते, आणि पीसी एकदा चालू होईपर्यंत पॅकेटला दाद देत नाही. उपाय बायोसमध्येच आहे. 'रिस्टोअर एसी पॉवर लॉस' हे 'पॉवर ऑन'वर ठेवा, म्हणजे वीज आल्यावर पीसी आपसूक उठेल, मग त्याला बाहेरून हायबरनेट करा. झीरोच्या बाजूने भीती मेमरी कार्ड बिघडण्याची. सगळे नीट चालू लागले की झीरोवरच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंग्जच्या प्रोग्रॅममधून ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा, मग कार्डावर काही लिहिलेच जात नाही. राउटर आणि झीरो एकाच छोट्या यूपीएसवर असले तर उत्तमच.

पीसी उठला तरी आत शिरता आले पाहिजे. पीसीवरच्या टेलस्केलमध्ये 'रन अनअटेंडेड'वर खूण नसेल तर लॉगिन होईपर्यंत ते जोडतच नाही, आणि लॉगिन करायला घरी कोणी नाही. विंडोज होममध्ये बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही, त्याला प्रो लागते. होम असेल तर रस्टडेस्कसारखा बाहेरून पीसी वापरू देणारा प्रोग्रॅम सेवा म्हणून (लॉगिनआधीच आपोआप सुरू होईल असा) बसवून ठेवा. बिटलॉकरला (विंडोजच्या डिस्क-कुलपाला) सुरुवातीचा पिन लावलेला असेल तर पीसी त्या निळ्या पडद्यावरच थांबेल. आणि रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ पोर्ट राउटरवर उघडू नका. टेलस्केल असताना त्याची गरजच नाही.

याच कामासाठी स्मार्ट प्लगही विकला जातो. 'रिस्टोअर एसी पॉवर लॉस' लावून प्लग बंद-चालू केला की पीसी उठतो, हे खरे. पण चालू पीसीवर चुकून बोट पडले तर डिस्कचे वाटोळे. हँग झालेल्या पीसीला मात्र मॅजिक पॅकेट काहीच करू शकत नाही, तिथे प्लग कामाचा. दोन्ही ठेवायचे असतील तर अ‍ॅपमध्ये प्लगचे बटण चटकन दिसणार नाही अशा जागी ठेवा.

आसूसचा राउटर असेल तर त्याच्या नेटवर्क टूल्समध्ये वेक-ऑन-लॅन बघा, ओपनडब्ल्यूआरटी किंवा मायक्रोटिक असेल तर तेही तिथूनच पॅकेट सोडतात. घरात आधीच चोवीस तास चालणारा नॅस (नेटवर्कवर फायली साठवणारे यंत्र) असेल, तर त्याच्यावरच टेलस्केल बसवा. अशांनी झीरो घेऊ नये.